पावली, खाली आणि उपज

संगीताचे शिक्षण कोठून सुरू करावे, या प्रश्नाला बहुतेक संगीतवर्ग वहीपासून उत्तर देतात: प्रथम सप्तकातील स्वरांची नावे, मग अलंकार, मग तालाच्या मात्रा, विभाग, टाळी आणि खाली यांचा तक्ता, आणि हे सारे पाठ झाल्यावर पहिला राग. हा क्रम व्यवस्थित दिसतो. परंतु लय आणि स्वर म्हणजे काय हे मुलाला आतून आधीच उमगले आहे आणि आता त्याला केवळ नावे द्यायची आहेत, असे त्यात गृहीत धरलेले असते. ज्या मुलाला ते उमगलेले नसते, ते तक्ता बिनचूक लिहिते आणि गाताना समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कधीच येत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातील एका शिक्षकाने या अडचणीवर जे उत्तर शोधले, त्याची तीन अंगे होती: शरीराची हालचाल, अंतःश्रवण म्हणजे प्रत्यक्ष आवाज नसतानाही मनात स्वर ऐकू येण्याची शक्ती, आणि त्या क्षणी सुचेल ते रचण्याची मोकळीक. मध्य प्रदेशाच्या दक्षिण सीमेवरील पांढुर्णा आणि सौंसर या मराठी मुलखात ही तिन्ही अंगे लोकांच्या गाण्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत, आणि मराठी संगीतव्यवहारात त्यांना पावली, खाली आणि उपज असे नेमके शब्दही आहेत. शाळेच्या संगीतवर्गात मात्र ती एकत्र आलेली नाहीत, आणि ती तेथे यावीत, हा या प्रकरणाचा आग्रह आहे.

एमिल जाक-दालक्रोझ यांचा जन्म १८६५ साली व्हिएन्ना येथे स्विस कुटुंबात झाला आणि १८९२ पासून ते जिनिव्हाच्या संगीत विद्यालयात स्वरसंवाद, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या मेळाचे शास्त्र, शिकवू लागले. तेथे त्यांच्या ध्यानात आले की विद्यार्थी कागदावर स्वरमेळ नियमानुसार लिहितात, पण आपण लिहिलेले कसे ऐकू येईल याची त्यांना कल्पना करता येत नाही. बोटे वाद्यावर सफाईने फिरतात, पण लय धावते किंवा रेंगाळते. याच विद्यार्थ्यांची चाल मात्र पाहण्यासारखी होती: रस्त्याने जाताना त्यांची पावले एका लयीत पडत, गाणे ऐकताना त्यांचा पाय नकळत ठेका धरी. लय शरीरात आहे आणि गाण्यात येत नाही, याचा अर्थ कान, मन आणि स्नायू यांच्यामधली वाट कोठेतरी अडली आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला, आणि ती वाट मोकळी करण्यासाठी त्यांनी विद्यार्थ्यांना खुर्चीवरून उठवून चालायला लावले. त्याआधी, १८८६ च्या सुमारास, ते अल्जीयर्स येथे एका नाट्यगृहाच्या वाद्यवृंदाचे सहायक संचालक होते, आणि तेथील अरब वादकांच्या विषम विभागांच्या लयी त्यांनी ऐकल्या होत्या. दोन, तीन आणि चार यांच्या सम चौकटीबाहेरही लय नांदते, हा अनुभव त्यांनी जवळ बाळगला होता. सात मात्रांचा रूपक आणि दहा मात्रांचा झपताल कानावर घेत वाढणाऱ्या भारतीय वाचकाला त्यात नवल वाटणार नाही, पण त्या काळच्या युरोपीय संगीतशिक्षणाला तो नवा विचार होता.

या पद्धतीचे पहिले अंग फ्रेंचमध्ये ‘रिदमिक’ आणि इंग्रजीत ‘यूरिदमिक्स’ या नावाने ओळखले जाते, ज्याचा धात्वर्थ ‘सुलय’ असा सांगता येईल. शिक्षक पियानोवर काही वाजवतो आणि विद्यार्थी त्याप्रमाणे चालतात. स्वर दुप्पट वेगाने येऊ लागले की धावतात, दीर्घ झाले की पाऊल लांबवून त्या लांबीभर शरीराचा तोल सांभाळतात, आणि ठरलेली खूण ऐकू येताच त्याच क्षणी थांबतात किंवा दिशा बदलतात. हे साधल्यावर हात एक गोष्ट करतात आणि पाय दुसरी, म्हणजे हातांनी तालाचे विभाग दाखवायचे आणि पायांनी गाण्याची लय चालायची. त्याहून अवघड एक प्रकार असा की शिक्षक एक लयखंड वाजवतो आणि विद्यार्थी तो एका खंडाच्या अंतराने चालून दाखवतात, त्यामुळे पाय मागचा खंड चालत असताना कान पुढचा ऐकून साठवत असतो. दुसऱ्या अंगात स्वरवाचन आणि श्रवण येते, तिसऱ्यात तत्काळ रचना. आणि या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या तासांना वाटल्या असल्या तरी त्या एकमेकींत सतत मिसळाव्यात, अशी त्यांची धारणा होती. अनवाणी पायांनी, सैल कपड्यांत वर्गभर फिरणारे विद्यार्थी हे दृश्य तेव्हाच्या प्रतिष्ठित संगीतशिक्षणाला मानवणारे नव्हते. १९११ मध्ये जर्मनीतील ड्रेस्डेनजवळच्या हेलेराउ या नव्या उद्याननगरीत त्यांच्यासाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली. तेथे आडोल्फ आपिया यांच्या रंगमंचयोजनेसह ग्लुकच्या ‘ऑर्फियस’ या संगीतिकेचे जे प्रयोग झाले, त्यांनी युरोपातील रंगभूमीचे लक्ष वेधले. १९१३ मध्ये पॅरिसमध्ये स्त्राविन्स्कीच्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’साठी नृत्यरचना करताना निजिन्स्की त्यातील बदलत्या लयींशी झगडत होता, तेव्हा त्याच्या मदतीला हेलेराउमध्ये शिकलेली मारी रॅम्बर्ट होती. महायुद्धाने ते केंद्र मोडले आणि १९१५ मध्ये जिनिव्हात दालक्रोझ यांच्या नावाची संस्था स्थापन झाली, जी आजही चालू आहे. १९५० मध्ये ते निवर्तले.

हालचालीतून लय उमगते, हे दालक्रोझ यांचे निरीक्षण एका शिक्षकाचे निरीक्षण होते. त्याला प्रयोगाचा आधार बराच उशिरा मिळाला. २००५ मध्ये कॅनडातील जेसिका फिलिप्स-सिल्व्हर आणि लॉरेल ट्रेनर यांनी सात महिन्यांच्या बाळांना कोणताही आघात नसलेला, म्हणजे दोन-दोन किंवा तीन-तीन अशा दोन्ही प्रकारे मोजता येईल असा लयबंध ऐकवला, आणि तो वाजत असताना काही बाळांना दर दुसऱ्या ठोक्यावर, तर काहींना दर तिसऱ्या ठोक्यावर कडेवर झुलवले. नंतर तोच लयबंध आघातांसह दोन्ही प्रकारांनी ऐकवला, तेव्हा जे बाळ ज्या गणतीने झुलवले गेले होते, ते त्याच गणतीचा बंध अधिक वेळ ऐकत राहिले. डोळे झाकले तरी परिणाम तोच राहिला. दुसऱ्या कोणाला झुलताना नुसते पाहून तो घडला नाही. सहा ठोके तीन अधिक तीन असे ऐकू येतात की दोनाच्या तीन जोड्यांनी, हे त्या बाळांपुरते शरीराने ठरवले होते. भारतीय शब्दांत सांगायचे तर, सहा मात्रांचा दादरा हा दादरा म्हणून कानाला ओळखू येण्याआधी तो कडेवर, झोळीत किंवा पाळण्यात अंगावरून गेलेला असतो.

पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके २०२३ पर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात होते आणि त्या वर्षी त्यांचा मिळून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. १९५६ पूर्वी नागपूर हीच मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि हा भाग व विदर्भ एकाच राज्यात होते. राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि हा कापसाचा, संत्र्यांचा मुलूख सीमेच्या पलीकडे राहिला. राज्य बदलले तरी सणवार, सोयरीक आणि भजन यांचे नाते वरूड, सावनेर, नागपूर यांच्याशीच राहिले. येथील मुलाच्या घरात वऱ्हाडी-नागपुरी वळणाची मराठी असते आणि शाळेच्या फळ्यावर बहुधा हिंदी. त्यामुळे दोन भाषांच्या दोन लयी त्याच्या कानात लहानपणापासून असतात, आणि संगीताच्या दृष्टीने ही गोष्ट जमेची आहे, कारण शब्दांचे वजन बदलले की चालीचे वजन कसे बदलते, हे अशा मुलाला समजावून सांगावे लागत नाही. सौंसरजवळच्या जामसावळीचे हनुमान मंदिर आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात होणारी गोटमार, म्हणजे दगडफेकीची चढाओढ, या दोन गोष्टींमुळे या भागाचे नाव बाहेर पोहोचते. गोटमारीत दरवर्षी माणसे जखमी होतात आणि बातमी तिचीच होते; आदल्या दिवशी बैलांपुढे म्हटल्या जाणाऱ्या झडत्यांची बातमी होत नाही, आणि संगीताच्या अभ्यासकाला मोल वाटावे असे धन त्या झडत्यांत आहे.

प्रथम पावलीकडे पाहावे. वारकरी भजनात टाळकरी दोन रांगांत समोरासमोर उभे राहतात, मध्ये मृदंग किंवा पखवाज असतो, आणि अभंगाच्या चालीबरोबर रांगा पुढे येतात, मागे जातात, वळतात, वाकतात. या पदन्यासाला पावली म्हणतात. तिच्यात शिकण्याच्या दृष्टीने काय घडते हे बारकाईने पाहिले तर थक्क व्हायला होते. टाळ हाताने वाजतो, त्याचा एक थर. पाय त्याच्याशी जुळून, पण नेहमी त्याच्याइतक्याच वेगाने नव्हे, पुढे-मागे पडतात, तो दुसरा. आणि तोंडाने ध्रुवपद म्हटले जाते, ज्याचे शब्द टाळावरच पडतील असे नाही, तो तिसरा. हेलेराउच्या वर्गात विद्यार्थ्यांना कित्येक महिन्यांच्या सरावानंतर हात, पाय आणि कान असे स्वतंत्र करता येत. इथे दहा वर्षांचे पोर रांगेच्या शेवटी उभे राहते, पहिले काही दिवस चुकते, शेजारच्या माणसाच्या गुडघ्याकडे पाहत पाऊल टाकते, आणि मग एक दिवस त्याच्या ध्यानातही येत नाही की आता आपण पाहत नाही. कोणी त्याला मात्रा मोजायला सांगितलेल्या नसतात. लय दुगुन झाली, म्हणजे त्याच वेळात दुप्पट मात्रा येऊ लागल्या, की पूर्ण रांगेचे पाऊल लहान होते आणि उडी चढते. लयीचा वेग आणि पावलाची लांबी यांचे व्यस्त प्रमाण असते, हा दालक्रोझ यांचा पहिलाच धडा पोराच्या पोटऱ्यांना तेथे कळून चुकतो.

विदर्भात आणि या पट्ट्यात वारकरी टाळाच्या जोडीला खंजिरी आहे. एका हाताने कडे धरायचे, दुसऱ्या हाताच्या बोटांनी चामड्यावर ठेका द्यायचा आणि मनगट हलवून कड्यातल्या झांजा वाजवायच्या, असे हे वाद्य; ते वाजवणारा बसलेला असला तरी खांद्यापासून कमरेपर्यंत हलतो, कारण मनगट एकटे ती लय पेलू शकत नाही. अमरावती जिल्ह्यातील यावली येथे १९०९ मध्ये जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी खंजिरी भजनाला गावोगावच्या प्रबोधनाचे साधन केले आणि १९६८ पर्यंत मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत भजने रचून गायली. सीमेवरच्या या प्रदेशाला दोन भाषांतले हे भजन जवळचे वाटावे यात आश्चर्य नाही. खंजिरीची शिक्षक म्हणून खरी गुणवत्ता तिच्या साधेपणात आहे: ती स्वस्त आहे, मुलाच्या हातात मावते, आणि चुकीचा ठोका तिच्यात लपत नाही.

दुसरे अंग अंतःश्रवणाचे, आणि येथे भारतीय संगीताने फार पूर्वी एक अशी युक्ती केली आहे जिचे महत्त्व रोजच्या वापरामुळे दिसेनासे झाले आहे. तालाच्या काही विभागांवर टाळी असते आणि काही विभागांवर खाली, जिथे हात वाजत नाही, तर उलटून बाजूला जातो. त्रितालाच्या सोळा मात्रांत पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी आहे आणि नवव्या मात्रेवर खाली. तबल्यावरही त्या भागात डग्ग्याचा भरीव नाद मागे घेतला जातो. न वाजलेल्या जागेलाही मोजणीत नाव आहे, हाताची खूण आहे आणि ती चुकली तर ताल चुकतो. रूपकात तर समच खालीवर येते. दालक्रोझ यांच्या वर्गात विद्यार्थी स्वरमाला गाता गाता खुणेसरशी गप्प होतात, मनातल्या मनात पुढे जातात आणि दुसऱ्या खुणेला नेमक्या त्या स्वरावर आवाज उघडतात. भजनात हेच काम झीलकरी करतात: बुवा ध्रुवपद सोडून वर चढतात, एखाद्या शब्दावर रेंगाळतात, आलाप घेतात, आणि मागे बसलेली सारी माणसे त्या वेळात तोंड मिटून ध्रुवपद आत चालू ठेवतात, म्हणूनच ते परतले की एका आवाजात उचलता येते. त्यांतल्या कोणालाही विचारले तर आपण काही विशेष करतो असे त्याला वाटत नसेल, पण शांत राहून गाणे चालू ठेवणे ही संगीतातली पहिल्या प्रतीची शक्ती आहे.

स्वरांच्या बाबतीतही एक साम्य लक्षात घेण्यासारखे आहे. युरोपीय पद्धतीत स्वरमालेचा आरंभस्वर बदलत राहतो, म्हणून दालक्रोझ यांनी विद्यार्थ्यांना प्रत्येक स्वरमाला एकाच स्वरापासून गायला लावली, जेणेकरून कोणत्या दोन स्वरांमधले अंतर लहान आणि कोणते मोठे, हे प्रत्येक वेळी कानाला नव्याने ओळखावे लागेल. हिंदुस्थानी संगीतात षड्ज अढळच असतो. पेटीवाल्याने काळी एक धरली की त्या बैठकीपुरता तोच ‘सा’, आणि यमन असो वा भैरवी, बाकीचे स्वर त्याच्याशी असलेल्या नात्याने ओळखायचे. या अढळ षड्जाच्या आधारावर मूर्च्छनेचा खेळ करता येतो: भूपाच्या सा रे ग प ध या पाच स्वरांतील गांधाराला ‘सा’ मानून तेच स्वर गायले की मालकंसाची रचना तयार होते, पंचमाला मानले की दुर्गाची, धैवताला मानले की धानीची. एकही नवा स्वर न घेता घर बदलल्यासारखे सगळे बदलते, आणि हे मुलाच्या कानावर एकदा पडले की षड्ज म्हणजे काय याचे दुसरे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. पेटीची साथ मात्र इथे थोडी आडकाठी करते. पट्टी दाबली की स्वर बाहेर तयार मिळतो आणि कान त्याच्यावर रेलून राहतो; म्हणून लहान मुलांच्या वर्गात पेटीने आरंभीचा ‘सा’ द्यावा, मग ओळभर गप्प बसावे आणि शेवटी पुन्हा ‘सा’ वाजवून मुले कोठे पोहोचली ते त्यांचे त्यांनाच ऐकू द्यावे.

उपज म्हणजे गाता-वाजवताना त्या क्षणी जे उपजते ते, आणि ख्यालगायनाचा सारा डोलारा तिच्यावर उभा आहे. पण उपज ही वीस वर्षांच्या साधनेनंतर मिळणारी गोष्ट आहे, असा जो समज संगीतवर्गांत रुजला आहे, तो पोळ्याच्या दिवशी खोटा ठरतो. श्रावण अमावस्येला, जिला उत्तरेच्या पंचांगात भाद्रपद अमावस्या म्हणतात, सजवलेले बैल तोरणाखाली उभे राहतात आणि माणसे एकेक करून झडती म्हणतात: यमक जुळलेल्या, वजनात बसलेल्या ओळी, ज्यांत नमन असते, पीकपाणी असते, गावातल्या कारभाराला चिमटे असतात, आणि शेवटी सगळ्यांचा एकत्र गजर. काही झडत्या पिढीजात असतात, काही त्या वर्षीच्या घडामोडींवर नव्या रचलेल्या. रचणाऱ्यापुढे वजन ठरलेले आहे, यमकाची जागा ठरलेली आहे, गजर केव्हा यायचा हेही ठरलेले आहे. मोकळीक आहे ती या तीन खुंट्यांच्या मधल्या जागेत. दालक्रोझ यांनीही आपल्या विद्यार्थ्यांना ‘काहीही वाजवा’ असे सांगितले नाही. त्यांची मोकळीक नेहमी एखाद्या बंधनाच्या आत असे, कारण बंधन नसले की नवशिक्याला काहीच सुचत नाही. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी टाळ्यांच्या किंवा टिपऱ्यांच्या ठेक्यावर म्हणतात. त्यांत फेर एकच असतो आणि दर फेरीला एखादे नाव किंवा वस्तू बदलते. ही उपजेची आणखी खालची, अगदी पहिली पायरी आहे, आणि पुढचा शब्द तोंडात येण्याआधी मनात तयार ठेवावा लागत असल्याने अंतःश्रवणही तिच्यात आहे. या भागातील गोंड समाजाच्या नाचगाण्यांतही पाय आणि गळा वेगळे काढता येत नाहीत.

असे असताना शाळेत हे का आले नाही? विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले, आणि विष्णु नारायण भातखंडे यांनी बंदिशी गोळा करून, लिपीबद्ध करून थाटांची मांडणी केली व १९२६ मध्ये लखनौच्या संगीत महाविद्यालयाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. या दोघांनी जे केले त्यावाचून सामान्य घरातल्या मुलाला, आणि विशेषतः मुलीला, शास्त्रीय संगीताचे दार उघडले नसते. लिपी, पाठ्यपुस्तक, वर्ग आणि परीक्षा ही त्या कार्याची साधने होती आणि ती त्या काळाची गरज होती. परंतु परीक्षेला मोजता येईल तेच पुढे शिकवले गेले, आणि सतरंजीवर बसलेल्या मुलाच्या सबंध शरीरापैकी टाळी देणारे दोन हात तेवढे अभ्यासक्रमात उरले. कथकच्या वर्गात पढंत, म्हणजे हाताने ताल धरून तोंडाने बोल म्हणणे, टिकले, आणि तेच बोल मग पायांनी काढले जातात. म्हणून नाचणाऱ्या मुलांची लय गाणाऱ्या मुलांपेक्षा बहुधा पक्की असते. गायनाच्या वर्गाने पाय दाराबाहेर ठेवले, हे त्याचे मोठे नुकसान आहे.

सौंसर किंवा पांढुर्ण्याच्या एखाद्या शाळेत हे परत कसे आणावे, याचे चित्र अवघड नाही. पटांगण, एक खंजिरी किंवा ढोलकी आणि गावच्या भजनी मंडळातला वाजवणारा, एवढे पुरेसे आहे. त्याने आठ मात्रांचा केरवा धरावा आणि मुलांनी मात्रेला एक पाऊल असे गोल चालावे. मग पाचव्या मात्रेवरची खाली येताच पाऊल उचललेले तसेच अधांतरी ठेवून एक मात्रा थांबावे आणि पुढची उचलावी. एका पायावर तोल सांभाळत घेतलेली ती मात्रा मूल विसरत नाही. नंतर न सांगता केरव्याचा दादरा व्हावा आणि ज्याला तो पायाला प्रथम जाणवेल त्याने दिशा बदलावी. मग सात मात्रांचा रूपक: विषम संख्येमुळे सम एकदा उजव्या पावलावर पडते आणि पुढच्या आवर्तनात डाव्यावर, आणि ही उलटापालट शोधून काढण्यात मुलांना जो आनंद होतो तो तक्ता पाठ करण्यात होणे शक्य नाही. स्वरांसाठी ओळखीच्या भजनाचे ध्रुवपद घ्यावे. शिक्षकाची मूठ मिटली की आवाज बंद आणि चाल चालू, मूठ उघडली की ज्या शब्दावर आपण पोहोचलो त्या शब्दावर सर्वांनी एकदम उघडावे. पहिल्या दिवशी वीस मुले वीस ठिकाणी उघडतील. त्या गोंधळात कोणाला रागावू नये, कारण आपण कोठे घसरलो हे मुलाला त्यातूनच ऐकू येते. शेवटी ढोलकी चालू ठेवून एकाने दोन ओळी रचाव्यात, बाकीच्यांनी गजर करावा. विषय डब्यातल्या भाजीचा असला तरी चालेल. तालाचे नाव, मात्रासंख्या, टाळी-खालीची चिन्हे हे सर्व यानंतर फळ्यावर लिहावे, म्हणजे जे पायांना माहीत झाले आहे त्याचीच ती नावे आहेत हे मुलांना दिसेल.

या पद्धतीच्या मर्यादाही नोंदवायला हव्यात. दालक्रोझ यांची पद्धत शिक्षकाच्या पियानोवादनावर आणि त्याच्या स्वतःच्या तत्काळ रचनेवर अवलंबून आहे. ज्या शिक्षकाला स्वतः उपज करता येत नाही, त्याच्या हाती ती कवायत होऊन बसते. भजनातून शिकवण्यातही सावधगिरी हवी. टाळाच्या रांगेत अनेक गावांत पुरुष आणि मुलगेच उभे असतात आणि भुलाबाई मुलींची असते; शाळेच्या पटांगणावर ही वाटणी मोडली पाहिजे, आणि ज्या घरात हे भजन म्हटले जात नाही त्या घरातल्या मुलाला आपले गाणे आणता आले पाहिजे, कारण शिकायची आहे ती लय, आणि ती गोंडी गाण्यात, कव्वालीत वा हिंदी बालगीतात तितकीच आहे. पावलीमुळे मूल ख्याल गाऊ लागेल असेही कोणी समजू नये. सूक्ष्म श्रुती, रागाचे चलन आणि आवाजाची जोपासना यांना बसूनच वेळ द्यावा लागतो, तंबोऱ्याशेजारी, वर्षानुवर्षे. फरक इतकाच की त्या बैठकीला येणारे मूल लय शोधत येणार नाही, ती घेऊनच येईल.

पंचांगाने या शिक्षणाचा क्रम आपणहून लावून ठेवला आहे. शाळेचे पहिले सत्र रुळते तोवर पोळा येतो आणि झडत्या येतात. त्यामागून भुलाबाईचा महिना. आणि कोजागरी झाली की गावोगावच्या मंदिरांत पहाटेचा काकडा सुरू होतो, तो त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत. पांढुर्णा आणि सौंसर येथील संगीतशिक्षकांना एवढीच विनंती आहे की येत्या कार्तिकात एका पहाटे वर्गातील मुलामुलींना काकड्याला न्यावे, वह्या घरी ठेवून, आणि टाळकऱ्यांच्या रांगेच्या शेवटी त्यांच्याबरोबर स्वतःही उभे राहावे.